भुईचाफ्याची जागा

आमच्या बागमंडळाचा पहिला नियम मी स्वतः वहीत लिहिला होता. रविवारी ज्याच्या वाडीत काम होईल तिथून जे रोप, कंद, बी निघेल ते सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं. लिहिताना मला तो नियम फार चांगला वाटला होता. अजूनही कधी कधी वाटतो, आणि मग लगेच आमच्या पायरीवरचा रंगाचा जुना डबा आठवतो.

आमची स्वतःची वाडी नाही. बाबा थळच्या कारखान्यात कंत्राटावर जातात, आई लोकांच्या वाड्यांत सुपाऱ्या सोलायला जाते. चौलच्या थोडं पुढे रस्त्याकडेला आमच्या दोन खोल्या आहेत, आणि चारी बाजूंना दुसऱ्यांच्या वाड्या. पोफळी, माड, मध्ये केळी, कुठे एखादं जायफळ. लहानपणी चेंडू आत गेला की दगडी गडग्याबाहेर उभं राहून हाक मारायची, कुणी हो म्हटलं तरच आत जायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अलिबागला विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला आणि मी वनस्पतिशास्त्र घेतलं. पहिल्या काही महिन्यांतच मला वाटायला लागलं की वाड्या असणाऱ्यांना ठाऊक नाही असं काहीतरी आता मला ठाऊक आहे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मंडळ सुरू करण्यामागे हेही होतं.

दुसरं कारणही होतं आणि तेही खरंच होतं. घरोघरची मुलं मुंबईला, पनवेलला. वाडीत उतरायला बाईमाणूसच राहिलेलं. एकटीनं शिंपण करायचं, झावळ्या ओढायच्या, पाट साफ करायचे, हे होईना म्हणून कितीतरी वाड्या तशाच पडल्या होत्या. मला वाटलं, दर रविवारी आठजणींनी मिळून एकीची वाडी केली तर दोन महिन्यांत सगळ्यांच्या होतील.

गणपती झाल्यावर मी घरोघर विचारायला गेले. सगळ्यात आधी गिरणीवाल्या मामीकडे, कारण गावातली प्रत्येक गोष्ट पिठासारखी तिच्याच गिरणीतून बाहेर पडते.

"तू आमाला झाडं लावायला शिकवणार?" मामीनं चक्की बंद न करताच विचारलं. "तुझ्या वयाची माझी पोफळ हाय."

"शिकवणार नाही मामी. मिळून करू म्हणते. एकटीनं होत नाही ना."

"एकटीनं होत न्हाय, खरं हाय. दोघांनी पण होत न्हाय. आमचा बाप्या वाडीत उतरला की पयली तंबाखू मळतो, मग दुसरी मळतो, मग जेवायची वेळ होते."

दळण घेऊन बसलेल्या बायका हसल्या. त्यातल्याच एका कोपऱ्यातून काकी म्हणाली, "मी येईन गो पोरी. माझं नाव लिव."

काकी म्हणजे आमच्या मागच्या वाडीतली. साठीच्या पुढची, नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, मुलगी लग्न होऊन पनवेलला. एवढ्या मोठ्या वाडीत ती एकटीच राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, त्यामुळे ती झाडाजवळ गेली की आधी हात लावायची आणि मग बोलायची. पोफळीच्या खोडावर तळवा ठेवून ती सांगायची, हिला पाणी कमी पडतंय. मी मनात पुस्तकातली कारणं जुळवत राहायचे आणि तोवर तिनं आळ्याचं तोंड पायानं मोकळं केलेलं असायचं. मला ती कधी पोरी म्हणायची, कधी चेष्टेनं मास्तरीण.

मंडळ चाललं. खरंच चाललं. सकाळचं पाणी, डबे, देवपूजा आटपून बायका नऊला यायच्या आणि अकराला घरी जायच्या. मी आधी आणि नंतर फोनवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. रोपं वाटली जायची. मामीच्या दारात दुसरीची अबोली लागली, तिसरीच्या कुंपणाला मामीची गोकर्ण. वाट्याला आलेली रोपं मी डब्यांत लावून आमच्या पायरीवर ठेवायचे. आई म्हणायची, "आता एवढ्या डब्यांतून चालायचं कुठून?" पण संध्याकाळी तीच पाणी घालायची.

डोंगरावरच्या दत्ताची जत्रा झाली आणि पौष लागला. काकीच्या वाडीचा नंबर होता, आणि त्याच आठवड्यात तिची मुलगी तिला डोळ्याच्या ऑपरेशनला पनवेलला घेऊन गेली.

मामी म्हणाली, "काकी न्हाय तर पुढचीची घेऊ."

मी म्हणाले, "उलट आताच करू. परत येईल तेव्हा नव्या डोळ्यांनी लख्ख वाडी बघेल."

सगळ्यांना ते आवडलं. मी पनवेलला फोन केला. काकीच्या डोळ्यावर पट्टी होती, मुलीनं उचलला. "करा की," ती म्हणाली, "आईला बरंच होईल." तिला तरी काय माहीत असणार होतं.

त्या रविवारी आम्ही सातजणी होतो. इतकं काम आम्ही कुठल्याच वाडीत केलं नव्हतं. वाळलेल्या झावळ्या ओढून बाहेर काढल्या. नागमोडी जाणारा पाट अर्धा बुजला होता, तो मी दोरी लावून सरळ करायला सांगितला. पाणी सरळ पाटातून लवकर जातं, हे मला नुकतंच कळलं होतं. पोफळींच्या मधल्या मोकळ्या जागेत जांभ्या दगडांचं एक छोटं कडं होतं. आत काहीच नव्हतं, मातीला चिकटलेली दोनचार वाळकी पानं सोडून.

"यात काय होतं काय माहीत," कुणीतरी म्हणालं.

मी पान चिमटीत धरलं, ते भुगा झालं. "मेलंय हे," मी म्हणाले, आणि फावडं मारलं.

खालून कंद निघाले. गाठीगाठीचे, मुळांना मण्यांसारखे गोळे लटकलेले, कापरासारखा वास. मामी म्हणाली हळदीतलं काहीतरी असेल. मी ते घमेल्यात घेतले, झटकले आणि नियमाप्रमाणे वाटे केले. सात. काकी धरून आम्ही आठजणी होतो, आठ वाटे करायला हवे होते. तिच्याच वाडीतलं तिला कशाला, असंसुद्धा कुणी म्हणालं नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. खड्डा सपाट केला. कड्याचे दगड नव्या पाटाच्या तोंडाशी लावले, तिथे ते छान दिसत होते. माझ्या वाट्याचा कंद मी आमच्या पायरीवर रंगाच्या डब्यात पुरला.

मी एक वीत खणलं होतं. हे मी नंतर इतक्या वेळा आठवलंय की आता आठवण खरी की मी ती घासून घासून तशी केली, हे मला सांगता येत नाही. एक वीत. फार तर दीड.

काकी आली ती काळा चष्मा लावून. वाडीत फिरली, हात न लावता झाडं बघितली. "आरशासारखी केलीत गो," म्हणाली. सगळ्यांना चहा दिला. कड्याकडे तिनं बघितलं नाही, कारण थंडीत तिथे बघण्यासारखं काही नसायचंच, आणि डॉक्टरांनी वाकायची मनाई केल्यामुळे पुढचे दोन महिने ती वाडीत फारशी उतरलीही नाही.

मग चैत्र आला. पहिला फोटो मामीनं टाकला. कोरडी उघडी माती, एकही पान नाही, आणि जमिनीतूनच सरळ वर आलेलं एक फिकट जांभळं-पांढरं फूल. खाली लिहिलं होतं, बघा आमच्याकडे कोण पावणा आला. दुसऱ्या दिवशी आणखी एकीच्या दारात आलं. आठवडाभरात सातही घरी. आमच्या डब्यातलं मी सकाळी कॉलेजला निघताना बघितलं. काल तिथे नुसती माती होती. इतकं नाजूक फूल, देठ नाही, झाड नाही, जणू कुणी खालून हात वर केला आहे. मला आनंद झाला होता. मी ग्रुपवर टाळ्यांची चित्रं टाकली.

काकीकडे साधा फोन, तिला ग्रुप दिसायचा नाही. ती तांदूळ दळायला गिरणीवर गेली तेव्हा मामीनं तिला फोटो दाखवला.

"भुईचाफा हा. कुठून आणलास?" काकीनं विचारलं.

"तुझ्याच वाडीतला की. सगळ्यांकडे फुललाय. ते दगडाचं कडं होतं ना, त्यात गावला."

काकी दळण तसंच टाकून निघाली. मामीला वाटलं गॅसवर काहीतरी राहिलं असेल. तासाभरानं मी कॉलेजातून येत होते तर मामीनं पिठाचा डबा माझ्याच हातात दिला, म्हणाली तुझ्या वाटेवर आहे, दे तिला.

दुपारची वेळ. बाहेर ऊन असलं तरी पोफळीच्या वाडीत एक हिरवट काळोख असतो. काकी गुडघ्यांवर होती. दोन्ही तळव्यांनी माती चाचपत पुढे सरकत होती. चष्मा बाजूला पडलेला. मला वाटलं तिचं काही हरवलंय.

"काय शोधतेस काकी? मी शोधते."

तिनं वर बघितलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, तेच मला सहन होत नाही. "माझा पयला हाय इथं. आठ दिवसांचा व्हता."

मी डबा खाली ठेवला.

तिनं बसल्या बसल्या सांगितलं. जत्रेच्या दिवसांत बाळाला ताप भरला, रस्त्यावर गर्दी, गाडी पुढे जाईना. एवढ्या लहानाला जाळत नाहीत. नवऱ्यानं एकट्यानं वाडीत नेलं. त्याचं म्हणणं होतं खूण ठेवायची नाही, बाई रोज बघत बसेल. तिनं दुसऱ्या वर्षी गुपचूप भुईचाफा लावला. वर्षातले कितीतरी महिने तो जमिनीतच असतो, कुणी विचारत नाही. चैत्रात दिसतो, पावसात पानं येतात, की परत आत. नवऱ्याला कळलं तेव्हा त्यानं स्वतःच भोवती दगड लावले. मुलीला कधी सांगितलं नाही. दरवर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ती तिथे वाटीभर दूध घालायची आणि थोडं बोलायची.

"काय बोलायचीस?" मी का विचारलं मला माहीत नाही.

"काय पण. यंदा सुपारी कशी झाली. तुझी भैण आली व्हती."

मी रडायला लागले. काकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, मातीचा. "तुला काय ठावं पोरी. पण मला जागा दाखव. कुठून काढलास ते तेवढं दाखव."

आणि मला ती दाखवता येईना.

संध्याकाळपर्यंत सगळ्याजणी आपापले कंद घेऊन आल्या. फुलासकट उपटून आणलेले. मामीनं तर मातीचा ढेकूळच पदरात आणला होता. काकी म्हणाली, "झाड नको गो मला. झाड कुठं पण मिळेल. जागा सांगा." आम्ही सातजणी त्या वाडीत उभ्या राहून सात दिशांना बोट दाखवत होतो.

काकीची स्वतःची खूण होती: पाटापासून पाच पावलं, पाट वळतो तिथून. आता पाट वळतच नव्हता. वळण मी काढून टाकलं होतं. पूर्वी जवळ एक वाकडी पोफळ होती, ती वादळात गेली. दगड पाटाच्या तोंडाशी. माती सगळीकडे सारखी, आरशासारखी.

माझ्याकडे फोटो होता, काम सुरू करण्याआधीचा. मामी कोयता वर करून हसते आहे आणि तिच्या कोपराच्या मागे दोन जांभे दगड दिसतात. तो फोटो घेऊन मी तीन आठवडे रोज वाडीत उभी राहिले. मामीला त्याच जागी उभं केलं, कोयता वर धरायला लावला. ती हसत नव्हती. शेवटी दोन जागा उरल्या. एक जुन्या वळणाच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. मध्ये आठनऊ पावलांचं अंतर. फोटोत दोन्ही बसत होत्या. कागदावर रेघा काढल्या, सावल्या मोजल्या. मला तेवढंच येत होतं.

काकी रोज विचारायची, "गावली?" दुसरं काही विचारत नव्हती. तिचं जेवण सुटलं होतं. पनवेलहून मुलीचे फोन येत होते, आईला काय झालंय, डोळे दुखतात का. एक दिवस मी पोचले तेव्हा काकी खालच्या जागेवर उभी होती. कुठेतरी उभं राहायचं म्हणून राहिली असेल. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "हितंच ना गो?"

मी म्हणाले, "हो काकी. इथंच."

ती तिथल्या तिथे बसली आणि तळवा जमिनीवर टेकून बसून राहिली. त्या दिवशी ती जेवली.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. एक खडा काढून तिनं बाजूला टाकला. मग म्हणाली, "तिची सुटका केलीस की आपली करून घेतलीस?" मी म्हणाले, दोन्ही. ती म्हणाली, "दोन्ही नसतं होत बाय."

पावसाआधी काकीनं त्या जागी भुईचाफा लावला. दगड परत आणून कडं केलं. पानं चांगली आली, रुंद, खालून जांभळी. मी दुसऱ्या वर्षाला गेले आणि त्याच पावसात हा कंद आम्हाला अभ्यासाला आला. त्याचं चित्र मी वहीत काढलं, नावं लिहिली, बाणांनी भाग दाखवले. सरांनी विचारलं, थंडीत हे झाड कुठे असतं? वर्गात उत्तर मला एकटीलाच येत होतं. मी हात वर केला नाही.

आणि वरची जागा. तिथे मी कुणाला पाय ठेवू देत नव्हते. रविवारी घमेलं घेऊन कुणी तिकडे वळलं की मी पुढे व्हायचे, म्हणायचे तिथली माती खराब आहे, पाणी साचतं. तिथे पाणी साचत नव्हतं, सगळ्यांना दिसत होतं. मी तिथून जाताना वळसा घालून जायचे. दुपारी वाडीत एकटी असले तर पाठ त्या बाजूला करवत नसे. पाण्याचा आवाज यायचा, वर झावळी हलायची आणि मला वाटायचं, कुणीतरी ऐकतंय आणि त्याला कुणी काही सांगत नाहीये. यंदा सुपारी कशी झाली, एवढंसुद्धा नाही.

बायकांच्या डोळ्यांतून ते सुटलं नाही. एकीचा पाय तिथे जवळच मुरगळला. मग एका रविवारी मला तिथे एक नारळ ठेवलेला दिसला, वर हळदकुंकू.

"जागेचा राखणदार हाय तिथं," मामी माझ्या कानाशी म्हणाली. "तुला दिसतो, म्हणून तू जात न्हायस. आम्हाला सांगू नको, पण मान डोलव."

मी मान डोलावली नाही, पण नाहीही म्हणाले नाही. त्यामुळे तिथे कुणी खणणार नव्हतं. मला ते सोयीचं होतं.

जत्रा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं मला बोलावलं. पहिल्यांदाच तिनं त्या वेळी कुणाला जवळ उभं केलं होतं. कड्यात दूध घातलं, हलक्या आवाजात बोलली. मी ऐकू नये म्हणून माडाकडे बघत राहिले. निघताना ती म्हणाली, "तू नसतीस तर जागा गेली असती पोरी."

ते वाक्य मी महिनाभर घेऊन फिरले.

पौषात परत तिच्या वाडीचा नंबर आला. मामीनं पोफळीची रोपं आणली होती, पिशव्यांतली, कमरेएवढी. काकी म्हणाली, "त्या मोकळ्या जागेत लावा. राखणदार बिखणदार काय न्हाय, माझी वाडी मला ठावं." तिनं स्वतःच कुदळ उचलली आणि वरच्या जागेकडे निघाली.

मी जाऊन आडवी उभी राहिले. बाकीच्या पाटापाशी होत्या. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. दोन जागा होत्या. मला नक्की माहीत नव्हतं. तू विचारलंस आणि मी हो म्हणाले.

काकीनं कुदळ खाली ठेवली. आपटली नाही, ठेवली.

"मग मी दूध कुणाला घातलं?"

मी खाली ठेवलेल्या कुदळीकडे बघत राहिले.

"सांग की. शिकलेली हायस तू. कुणाशी बोलले मी?"

मी म्हणाले, काकी, खालचीही असू शकते, ती जागाही...

"जा आता," ती म्हणाली.

त्यानंतर तीन रविवार मंडळ भरलं नाही. काकी येत नव्हती, मी कुणाला बोलावत नव्हते. बायका विचारायला लागल्या तेव्हा मी गिरणीवर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. वाटलं होतं बोलणी बसतील. मामीनं चक्की बंद केली. ती बंद झाली की कानात किती पोकळ वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

मामी म्हणाली, "आमच्या न्हाणीच्या मागं मी तुम्हाला कधी खणू दिलं काय?"

"तिथं साप आहे ना," एकजण म्हणाली.

"साप कसला. माझी पोरगी हाय. सा म्हयन्याची." मामी पिठाचे हात पदराला पुसत राहिली. "काय सांगायचं लोकांना. साप सांगितला."

मग आणखी एक बोलली. तिच्या सासूची दोन, विहिरीच्या पलीकडे, तिलाही नक्की कुठे ते ठाऊक नाही, म्हणून ती त्या बाजूला काहीच लावत नाही. ज्या वाड्यांत मी फावडं घेऊन दीड वर्ष फिरले होते, फोटो काढले होते, त्या वाड्या मला आता वेगळ्या दिसायला लागल्या. माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वाडीत कुणी ना कुणी मला एखाद्या कोपऱ्यावरून वळवलं होतं. तिकडे खाजकुयली आहे, तिकडे दलदल आहे. मी हो म्हणून वळले होते. फक्त काकी त्या दिवशी तिथे नव्हती.

वाटून घेण्याचा नियम आम्ही काढला नाही. त्याच्या आधी एक घातला: काम सुरू करताना घरच्या बाईनं कुठे खणायचं नाही ते सांगायचं, आणि का ते कुणी विचारायचं नाही. आणि घरची बाई नसेल तर वाडीत उतरायचं नाही. हा मामीनं सांगितला, मी लिहिला.

मामी काकीकडे गेली होती. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पुढच्या रविवारी आम्ही काकीच्या वाडीत गेलो तेव्हा तिनं सुंभ बांधला होता. खालच्या कड्यापासून वरच्या जागेपर्यंत, मधल्या आठनऊ पावलांसकट, चारी बाजूंनी. त्यात चांगल्या सहासात पोफळी बसल्या असत्या.

"हितून हितपर्यंत कुणी पाय ठेवायचा न्हाय," ती सगळ्यांना म्हणाली. "माझा पोरगा हाय."

एवढ्या वर्षांत तिनं ते मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं असावं. त्याच आठवड्यात तिनं पनवेलला फोन करून मुलीलाही सांगितलं.

काकी मंडळात परत आली, पण मला पोरी म्हणणं तिनं सोडलं. मास्तरीणही नाही. समोर असले तरी मामीला म्हणायची, "तिला सांग पाणी सोड." मी पाणी सोडायचे. वर्षभर असंच चाललं. तिला माफ कर म्हणायला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा केळीच्या पिल्लांबद्दल काहीतरी विचारून परत आले.

यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी मी सकाळी गेले आणि सुंभाच्या बाहेर उभी राहिले. काकी आत होती. तिनं कड्याशी वाकून दूध घालायला सुरुवात केली, पण तिथे थांबली नाही. वाटी तिरपी धरून, बारीक धार सोडत, ती मागे मागे सरकत वरच्या जागेकडे निघाली. पुटपुटत होती. काय ते मला ऐकू येत नव्हतं आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. मातीवर पांढरी रेघ उमटायची आणि लगेच आत जायची.

निम्म्या वाटेत वाटी संपली. काकी तशीच वाकलेली राहिली, संपलेल्या जागेवर एक बोट टेकून, ती पुन्हा हरवू नये म्हणून. मान वर न करता म्हणाली,

"चुलीपाशी पिशवी हाय दुधाची. फोडून आण."

तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी घराकडे पळाले.